वखारीत शिरलेला कॅमेरा

पत्रकारिता, जनसंज्ञापन किंवा दृश्यमाध्यम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या शेवटी एक प्रकल्प करावा लागतो. कोणी दहा मिनिटांचा माहितीपट करतो, कोणी लघुपट, कोणी ध्वनिमुद्रित कार्यक्रम, कोणी छायाचित्रांची मालिका. सोबत एक अहवाल बांधून द्यायचा असतो. त्या अहवालातले संशोधनाचे प्रकरण बहुतेक वेळा चित्रणाच्या आधीच लिहून झालेले असते. इंटरनेटवरून माहिती जमवायची, दोन-चार पुस्तकांची नावे जोडायची, त्यावरून संहिता लिहायची आणि उसन्या कॅमेऱ्यावर दोन-तीन दिवसांत चित्रण उरकायचे, असा हा क्रम असतो. चित्रण करताना जे नव्याने कळते, ज्यामुळे आधीची समजूत खोटी ठरते, त्याला अहवालात जागा मिळत नाही.

बोरगावसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याची वाट तर पहिल्याच पायरीवर अडते. पूर्वीच्या चिकोडी आणि आताच्या निपाणी तालुक्यातले हे गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. बोली, बाजार आणि सोयरीक मात्र इचलकरंजी-कोल्हापूरकडचीही आहे. आपल्या भागावर काही करावे म्हणून असा विद्यार्थी शोधायला बसला, की त्याला पुराच्या, सीमाप्रश्नाच्या आणि निवडणुकांच्या बातम्या सापडतात. वखारीत तंबाखू कशी चाळतात, गुऱ्हाळावर पाक उतरवण्याची वेळ कोण ठरवतो, या गोष्टींवर त्याच्या हाती फारसे लागत नाही. ‘संदर्भ मिळत नाहीत’ असे कारण देऊन मग तो विषय बदलतो, किंवा त्याला बदलायला सांगितले जाते.

या अडचणीतून बाहेर काढणारी एक अभ्यासपद्धती जगभरच्या कला आणि माध्यम महाविद्यालयांत गेली तीन-चार दशके रुजली आहे. तिला प्रॅक्टिस-लेड रिसर्च म्हणतात. मराठीत आपण तिला ‘निर्मितीतून संशोधन’ म्हणू. येथे काही तरी घडवणे हाच शोधाचा मार्ग असतो. प्रश्न मनात घेऊन एक छोटा तुकडा बनवायचा, तो तपासायचा, त्यातून प्रश्न कसा बदलला ते नोंदवायचे आणि नव्या प्रश्नासह पुढचा तुकडा करायचा. शेवटी लघुपट किंवा ध्वनिपट तयार होतो, आणि त्याच्या बरोबरीने तो कसा घडला याची लेखी मीमांसाही तयार होते.

या विचाराला आकार देणाऱ्यांपैकी दोघांची नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ हे पुस्तक लिहिले. वास्तुविशारद, मानसोपचारक यांसारखे व्यावसायिक काम करता करताच विचार करतात, हाताखालच्या वस्तूने दिलेल्या प्रतिसादावरून पुढचे पाऊल ठरवतात आणि हे ज्ञान पुस्तकी सिद्धान्तात पूर्ण मावत नाही, असे त्यांनी दाखवले. दहा वर्षांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेतील संशोधनाचे तीन प्रकार मांडले: कलेविषयीचे संशोधन, कलेच्या माध्यमातून केलेले संशोधन आणि कलाकृतीच्या तयारीसाठी केलेले संशोधन. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प तिसऱ्या प्रकारात मोडतात. येथे प्रश्न दुसऱ्या प्रकाराचा आहे.

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ‘कृती संशोधन’ परिचयाचे असते, ते वेगळे. वर्गातली एखादी अडचण ओळखून उपाय करायचा आणि परिणाम मोजायचा, हा त्याचा हेतू असतो. निर्मितीतून संशोधनात एखादे माध्यम, त्याची हाताळणी आणि त्यातून दिसणारे जग यांविषयीची समज वाढवायची असते.

पद्धतीचे नाव नवे असले तरी रीत आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याइतके भांडवल त्यांच्याकडे नव्हते, आणि तो करता येईल यावर विश्वास ठेवणारेही फार नव्हते. त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने, एकेक चौकट टिपत चित्रित केली. कॅमेरा काळाला आखडू शकतो हे त्या छोट्या चित्रपटाने त्यांना हातून कळले, आणि पैसा उभा करायला पुरावाही मिळाला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून स्वतःच कॅमेरा तयार केला. दोघांनीही करून पाहत आपले शास्त्र शोधले.

आपल्याच तालुक्यात याहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते इथल्या किती विद्यार्थ्यांपर्यंत पोचले आहे याविषयी शंका वाटते. निपाणी ही बिडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ. तंबाखू वखारींत येते, तिथे ती कुटली, चाळली आणि निवडली जाते, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने स्त्रियांनी केले. धूळ नाकातोंडात जाई, मजुरी तुटपुंजी असे, नोकरीची शाश्वती नसे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी या स्त्रिया संघटित झाल्या. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि ती घटना सर्वांना माहीत झाली. वखारीच्या आतल्या लढ्याकडे बाहेरच्यांचे लक्ष त्या मानाने कमी गेले.

त्या काळात ‘युगांतर’ नावाचा एक चित्रपट-गट वखारीतल्या या स्त्रियांकडे आला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर हे त्याचे सदस्य. भारतातील पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट म्हणून त्याची नोंद आहे. पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवर त्यांनी ‘मोलकरीण’ हा चित्रपट आधी केला होता. निपाणीत ते तंबाखू कामगार स्त्रियांसोबत चार महिने राहिले. त्यातून १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट तयार झाला.

चार महिने आणि पंचवीस मिनिटे, हे प्रमाण नीट पाहावे. तयार संहिता घेऊन आलेल्या गटाला चार महिने लागत नाहीत. स्त्रिया काय सांगतात ते ऐकणे, संघटना कशी बांधली याची चर्चा करणे, काय दाखवावे हे त्यांच्याबरोबर बसून ठरवणे, यात हा काळ गेला. वखारीच्या आत कॅमेरा न्यावा ही कामगार स्त्रियांचीही इच्छा होती, कारण आत काय चालते हे बाहेर कोणी पाहिलेले नव्हते. कॅमेरा आत गेल्यावर धूळ, अंधार, हातांची लय आणि चाळण्यांचा आवाज या गोष्टी मुलाखतीतल्या वाक्यांइतक्याच बोलक्या झाल्या. काम पुढे सरकत गेले तसा विषय आकाराला आला.

याच स्त्रियांवर छाया दातार यांनी समाजशास्त्रीय अभ्यास केला. ‘वेजिंग चेंज’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने १९८९ साली प्रसिद्ध केले. हे पुस्तक आणि तो चित्रपट शेजारी ठेवले, तर पद्धतींचा फरक कोणत्याही व्याख्यानाहून लवकर समजतो. मजुरीची व्यवस्था, कुटुंबातील स्थान, संघटनेचे टप्पे आणि त्यामागची कारणे यांची संगती पुस्तक लावते. चित्रपटाला ते इतक्या बारकाईने जमणार नाही. दिवसभर धुळीत बसलेल्या शरीराचे काय होते, सभेत पहिल्यांदा उभी राहणारी बाई बोलताना कुठे थांबते, हे चित्रपटातून कळते. ते पुस्तकाच्या आवाक्यात पूर्ण येत नाही. दोन्ही संशोधनेच आहेत. विद्यार्थ्याने आपला प्रश्न कोणत्या माध्यमाने सुटेल हे आधी ओळखले पाहिजे, आणि ते ओळखण्यासाठीही थोडे करून पाहावे लागते.

युगांतरचे सदस्य विद्यार्थी नव्हते. विद्यार्थ्याच्या कामाचे उदाहरण हवे तर ‘पिस्तुल्या’ घ्यावा. नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यास करत असताना त्यांनी हा लघुपट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. पुरस्कारापेक्षाही महत्त्वाचे असे की, अभिनय न शिकलेला मुलगा, खरे गाव, खरी बोली यांना कॅमेऱ्यासमोर कसे आणायचे याचा प्रयोग त्यांनी तेथे लहान प्रमाणावर करून पाहिला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये हीच रीत मोठ्या पडद्यावर आली. पहिला प्रयोग महाविद्यालयाच्या प्रकल्पात झाला, ही गोष्ट शिक्षकांनी मनावर घ्यावी.

आता ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. समजा, बोरगावच्या एका विद्यार्थिनीने गुऱ्हाळ हा विषय घेतला. दूधगंगा-वेदगंगेच्या या पट्ट्यात ऊस मुबलक आहे आणि गुऱ्हाळाचे काम तिने लहानपणापासून पाहिले आहे. ‘गूळनिर्मितीची प्रक्रिया’ असा विषय लिहून दिला तर तिला शोधायला काहीच उरत नाही. पाठ्यपुस्तकातले परिच्छेद चित्रांसह पुन्हा सांगणे एवढेच होईल. तिने प्रश्न असा धरला: पाक तयार झाला हे गुळव्याला नेमके कशावरून कळते, आणि ते ऐकणाऱ्याला आवाजातून कळवता येईल का?

प्रश्न लहान आहे, पण तो खरा आहे. चरकातून आलेला रस काहिलीत चढतो, चुलवाणात चिपाडे पेटवली जातात, भेंडीचे चिकट पाणी घालून मळी वर आणून काढतात, आणि रस आटत आटत सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. पाक दोन-चार मिनिटे लवकर उतरला तर गूळ मऊ राहतो, उशिरा उतरला तर करपट लागतो आणि रंग जातो. अनेक गुऱ्हाळांवर ही वेळ अजूनही गुळव्याच ठरवतो. तो पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून गोळी कशी होते ते पाहतो. पण गोळी कधी पाहायची हे त्याला आधीच कळलेले असते.

पहिल्या फेरीत ती मुलाखत घेईल. गुळव्या म्हणेल, ‘अंदाज लागतो, बाळ.’ या उत्तरावर बहुतेक माहितीपट थांबतात आणि ‘अनुभवी हात’ असे काही तरी निवेदनात घालून पुढे जातात. येथे तसे करायचे नाही. ती वहीत लिहील की मुलाखतीचे तंत्र या प्रश्नापुढे अपुरे पडले, कारण ज्याला हे ज्ञान आहे त्याने ते कधी शब्दांत मांडलेले नाही.

दुसऱ्या फेरीत ती काहिलीजवळ माइक धरून संपूर्ण आटणी मुद्रित करील. घरी ऐकल्यावर कळेल की चरकाच्या मोटारीने सगळे गिळले आहे. चरक थांबलेला असताना, शेवटच्या आटणीला, माइक जवळ आणि खाली धरून पुन्हा मुद्रण करावे लागेल. ही तांत्रिक दुरुस्ती वाटते, पण तिला एक गोष्ट शिकवून जाते: त्या गोंगाटात गुळव्याला तरी आवाज कसा ऐकू येत असेल? तिच्या मूळ गृहीताला इथे पहिला तडा जातो.

तिसरी फेरी सगळ्यांत मोलाची. मुद्रण फोनवर घेऊन तिने गुळव्याकडे परत जावे, ते त्याला ऐकवावे आणि ‘काका, पाक आला की थांबवा’ असे सांगावे. त्याने बरोबर जागी थांबवले, तर आवाजात खूण आहे आणि ती संकलनात शोधता येईल. तो गोंधळला, ‘हे बघितल्याबिगर कसं सांगू?’ म्हणाला, तर खूण आवाजात नाही. बुडबुड्यांच्या आकारात आहे, वाफेच्या दाटपणात आहे, कदाचित वासातही आहे. मग ध्वनिपटाचा बेत सोडून तिला फक्त काहिलीच्या पृष्ठभागाचे, जवळून घेतलेले, न तोडलेले दृश्य घ्यावे लागेल. माध्यम का बदलले याचे कारण तिच्याजवळ असेल, आणि ते कारण हाच तिच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. चुकलेल्या गृहीताची नोंद प्रामाणिकपणे ठेवली, तर तिचे गुण वाढले पाहिजेत.

भाषेचा प्रश्नही असाच हातून सुटतो. या भागातला माणूस ‘करालोय’, ‘बोलालोय’ म्हणतो, कामाच्या ठिकाणी कन्नड शब्द सहज येतात, आणि एकाच वाक्यात दोन्ही भाषा चालतात. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचे, की बोलणाऱ्याच्याच आवाजात? उपशीर्षकांत बोली जशीच्या तशी लिहायची, की सुधारून? बेळगावातल्या कन्नडभाषक प्रेक्षकाला काय द्यायचे? यांची उत्तरे सीमाभागाच्या वादांतून मिळत नाहीत. एकच तुकडा दोन प्रकारे तयार करून घरात, गल्लीत आणि महाविद्यालयात दाखवला, की कुठे लोक पुढे सरकून ऐकतात आणि कुठे अंग काढून घेतात ते दिसते. तेही नोंदवायचे.

या पद्धतीवर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे. एका व्यक्तीने स्वतःच्या कामाविषयी लिहिलेल्या टिपणांना संशोधन कसे म्हणायचे? अशाने प्रत्येक कलाकृती संशोधन ठरेल आणि शब्दाला अर्थ उरणार नाही, असे प्राध्यापक मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कलाकृती केली एवढ्याने संशोधन होत नाही. प्रश्न आधी स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. प्रत्येक फेरीची तारखेसह नोंद हवी. त्याच वाटेवर आधी कोणी चालले आहे का, हे वाचलेले हवे; गुऱ्हाळाच्या विद्यार्थिनीने ऊस आणि गुळावरचे शास्त्रीय साहित्य वाचायचे टाळून चालणार नाही. शेवटी, दुसऱ्या कोणाला तिच्या नोंदी वाचून तोच प्रयोग वेगळ्या गुऱ्हाळावर करता आला पाहिजे. या अटी पाळल्या तर ते ज्ञान इतरांना तपासता येते, आणि संशोधनाकडून आपण तेवढीच अपेक्षा ठेवतो.

धोका दुसराच आहे, आणि तो मोठा आहे. लघुपट नेहमीसारखाच दोन दिवसांत करायचा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बसून ‘प्रक्रियेची डायरी’ लिहून काढायची, ही पळवाट विद्यार्थ्यांना फार लवकर सापडेल. तिला आळा घालणे अवघड नाही. परीक्षकाने तोंडी परीक्षेत टाकून दिलेले तुकडे पाहायला मागावेत. फाइलींवर तारखा असतात. ज्याने खरोखर तीन फेऱ्या केल्या, त्याच्याकडे वाया गेलेले चित्रण भरपूर असते आणि ते का वाया गेले हे तो न अडखळता सांगतो.

संमतीचा मुद्दा तर याहूनही नाजूक आहे. वखारीत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर काम करणाऱ्या माणसाची रोजी मालकाच्या हाती असते. कॅमेऱ्यासमोर बोलल्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. विद्यार्थी गुण घेऊन निघून जातो. सुरुवातीला एकदा ‘चालेल का, मावशी?’ असे विचारून हे निभत नाही. संकलित चित्रपट आधी त्या माणसाला दाखवावा, नको असलेला भाग काढावा आणि मगच तो महाविद्यालयात न्यावा. युगांतरच्या कामातून घेण्यासारखा हाच सर्वांत मोठा धडा आहे: ज्यांच्यावर चित्रपट केला, त्यांचा तो ठरवण्यात वाटा होता.

हे सारे ध्यानात घेता आमचे मत असे, की सीमाभागातील आणि लगतच्या कोल्हापूर जिल्ह्यातील माध्यमविषयक अभ्यासक्रमांनी प्रकल्पाच्या गुणांचा मोठा वाटा प्रक्रियेच्या नोंदीला द्यावा आणि झगमगीत अंतिम प्रतीला कमी द्यावा. याला महागडी साधने लागत नाहीत. फोन, एक साधा माइक आणि वही पुरते. लागतो तो वेळ. आज प्रकल्पाचा विषय शेवटच्या सत्रात ठरतो, आणि तोवर गळीत हंगाम अर्धा सरलेला असतो. विषय एक वर्ष आधी ठरला, तर विद्यार्थ्याला एकाच गुऱ्हाळावर किंवा एकाच वखारीत परत परत जाता येईल. शिक्षकांनाही अंतिम चित्रपटाऐवजी मधल्या फेऱ्या पाहून मार्गदर्शन करावे लागेल. हे काम वाढवणारे आहे हे खरे, पण मार्गदर्शकाचे काम हेच असते.

ज्या भागाविषयी ग्रंथालयात फारसे काही नाही, तिथे या पद्धतीची गरज सर्वांत जास्त आहे. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला वाचायला भरपूर मिळते. त्याने ही पद्धत वापरली नाही तरी त्याचा प्रकल्प कसाबसा उभा राहतो. बोरगावच्या विद्यार्थ्याला मात्र पहिला संदर्भ स्वतःच तयार करावा लागेल, आणि तो बोलीत, हातात आणि आवाजात साठलेल्या गोष्टींतून करावा लागेल. ही त्याची उणीव मानली जाते. आमच्या मते ती मोठी संधी आहे, कारण या तालुक्यातल्या गुळव्यांचे, वखारीतल्या बायांचे आणि विणकरांचे बारकावे नोंदवू शकणारी शेवटची पिढी बहुधा हीच आहे.

म्हणून नोंदी जपण्याची सोयही आताच करायला हवी. युगांतरचे चित्रपट बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने डिजिटल स्वरूपात पुनर्संचयित केले, त्यामुळे निपाणीच्या स्त्रिया आज कोणालाही फोनवर पाहता येतात. महाविद्यालयांतील प्रकल्पांची स्थिती वेगळी आहे: बांधीव अहवाल कपाटात राहतो आणि चित्रफीत कोणाच्या तरी पेन ड्राइव्हबरोबर हरवते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने अंतिम प्रत, नोंदवही, संमतीपत्रे आणि न वापरलेले मुद्रण एकत्र जतन करावे, आणि त्याची एक प्रत संबंधित गावच्या शाळेत ठेवावी. पुढच्या हंगामात त्याच गुऱ्हाळावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला मग तिसऱ्या फेरीपासून काम सुरू करता येईल.